पायाची दोरी आपल्या हाती

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या जिल्हा बैठकीत झालेले भाषण. छापताना थोडे आटोपशीर केले आहे.)



आजच्या बैठकीचा विषय फळ्यावर वाचून काही जण गालात हसले, ते आम्ही पाहिले. कापसाचा भाव, विजेचे बिल, बँकेची वसुली हे सगळे बाजूला ठेवून आज दोरी, खुंट्या, ओळंबा आणि पाण्याची नळी यांवर काय बोलायचे? पायाची आखणी हे गवंड्याचे काम, त्यात चळवळीचे काय? आमचे म्हणणे असे की, हे काम चळवळीचेच आहे. कसे ते सांगतो. पटले तर घ्या, नाही पटले तर सोडून द्या.

मापात पाप असते हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. जिनिंगच्या काट्यावर उभे राहायला आपण शिकलो. भरलेल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, कट्टी कशाची लावली, हे आज गावातला पोरगासुद्धा विचारतो. पण हाच शेतकरी आयुष्यातून एकदा घर बांधतो, गोठा बांधतो, कापसासाठी पत्र्याची शेड टाकतो, तेव्हा काय होते? टेप दुसऱ्याच्या हातात, दोरी दुसऱ्याच्या हातात, आणि मालक आपला चहा सांगायला पळतो! चार पैशांच्या मालाचे वजन डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस चार लाखांच्या बांधकामाचे माप न बघता कबूल करतो. पाया बुजला की मग ते माप कुणालाच पुन्हा घेता येत नाही.

मोजणीची साखळी कुणाच्या हातात?

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हा ३३ आकडा आला कुठून? एडमंड गंटर नावाच्या इंग्रजाने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी काढली. तिची निम्मी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. या मापाने आपल्या बापजाद्यांच्या जमिनी मोजल्या गेल्या त्या सरकारचा सारा ठरवण्यासाठी. मोजणारा सरकारचा, साखळी सरकारची, हिशेब सरकारचा. शेतकऱ्याने फक्त बांधावर उभे राहून बघायचे. ती सवय इतकी मुरली की आज स्वतःच्या घराचा पाया आखतानाही आपण बांधावरच उभे राहतो.

खरे पाहता दोरीने मोजण्याची विद्या या साखळीच्या फार आधीची आहे आणि ती आपल्या मातीतली आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञाच्या वेदी कशा आखायच्या ते सांगितले आहे. शुल्ब म्हणजे दोरी. तीन, चार आणि पाच या मापांतून काटकोन मिळतो हे त्या लोकांना ठाऊक होते. आज गवंडी जे करतो ते हेच. मायबहिणी रोज सकाळी अंगणात ठिपके काढतात, ओळ सरळ, अंतर सारखे. त्यांना कोणी डिप्लोमा दिला होता का? विद्या घरात आहे. ती पायाच्या चरापर्यंत नेलेली नाही, एवढेच.

जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला हे आपण जाणतो. पण ते स्वतः बांधकामाचे ठेके घेत, हे फार जण लक्षात ठेवत नाहीत. शेतकऱ्याचे दुःख मांडणारा तो माणूस चुना, दगड आणि दोरीचा हिशेब जाणणारा होता. आपणही दोन्ही जाणायला हरकत नाही.

कोरडी जागा म्हणजे थांबण्याची ताकद

आता कोरडवाहू शेतकऱ्याला पायाची एवढी काळजी का, ते सांगतो. कापूस वेचून घरात येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे? कापूस घरात आणि माणसे ओसरीवर, ही आपली दरवर्षीची दिवाळी. अंगाला खाज सुटते, चुलीची ठिणगी उडेल म्हणून जीव टांगणीला. शेवटी जो व्यापारी दारात गाडी आणतो त्याला आपण म्हणतो, ने बाबा एकदाचा. ज्याला माल पंधरा दिवस थांबवता येत नाही, त्याला भाव विचारण्याचा अधिकारच उरत नाही.

आणि नुसते छप्पर असून भागत नाही. जोते बसके असले, जमिनीतून ओल वर आली की तळचा कापूस ओलावतो. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भावात कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. म्हणजे जमिनीची ओल थेट आपल्या पावतीवर उतरते. ज्वारीचेही तेच. जुनी माणसे पेवात ज्वारी ठेवत, पण पेवासाठी जागा निवडताना मुरूम कुठे लागतो, पाणी कुठे साचते, हे बघूनच खणत. आपण सिमेंट आणले आणि बघणे सोडून दिले.

काळ्या मातीचा स्वभाव

आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो तेव्हा काळ्या मातीचे गुण पाठ केले. चिकण जास्त, ओल धरते, पऱ्हाटीला मानवते. पिकासाठी जो गुण, तोच भिंतीसाठी अवगुण. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगांत हात घालून बघितलेला नाही असा इथे कोण आहे? तीच भेग घराखालीही पडते. पावसाळ्यात माती घर वर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. सगळीकडून सारखे उचलले असते तर फारसे बिघडले नसते. पण पन्हळीचे पाणी पडते ती बाजू जास्त फुगते, दुसरी कमी. मग दाराच्या आणि खिडकीच्या कोपऱ्यातून पायरी-पायरीने चीर निघते.

यात आणखी एक गंमत आहे. जड इमारतीपेक्षा हलकी इमारत जास्त तडकते, कारण मातीचा जोर दाबून धरायला तिचे वजन पुरत नाही. आपल्या शेडी, गोठे, एकमजली घरे सगळी हलकीच. म्हणून साहेबाच्या तीन मजली इमारतीला तडा नाही आणि आपल्या खोलीला मात्र दुसऱ्याच वर्षी, असे दिसते. त्यात नशिबाचा काही भाग नाही.

मग उपाय काय? पहिला, जागेवर आधी एक खड्डा खणून बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. दुसरा, काळी माती खोल असेल तर ती काही खोलीपर्यंत काढून तिथे न फुगणारा चिकट मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून भरतात. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक कट्टी यांनी या थराचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यांच्या हिशेबात तो थर साधारण मीटरभर जाडीचा लागतो. तिसरा, माती फारच खोल असेल तर खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवायचे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत काढली. काळ्या मातीत ते खांब साडेतीन मीटर तरी खोल जातात. ते काम इंजिनिअरला विचारूनच करायचे, तिथे आपली दोरी पुरत नाही.

पण यांतला कोणताही उपाय केला तरी तो बरोबर जागी, बरोबर खोलीवर आणि एका पातळीत झाला का, हे बघायला मापच लागते. ते माप घेण्याचे सामान फार महाग नाही.

मापाची पेटी

बाजारात आता किरणाच्या रेषा टाकणारी लेसर लेव्हल काही हजारांत मिळते. चांगले यंत्र आहे. पण भर उन्हात तिची रेषा दिसत नाही आणि आपला पाया उन्हातच आखला जातो. सर्व्हेवाल्यांची मोठी यंत्रे लाखांच्या घरात. मोबाइलमध्येही लेव्हल दाखवतात. छोट्या फळीला ठीक आहे, पण मोबाइल अर्ध्या अंशाने चुकला तर वीस फुटांवर दोन इंचांचा फरक पडतो. तेव्हा आपल्या कामाच्या वस्तू पाच, आणि पाचही तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

एक, पोलादी टेप, ३० मीटरचा. कापडी टेप ताणला की लांबतो. शक्य असेल तर असे दोन टेप असावेत. पुढचा आकडा वाकलेला किंवा सैल आहे का ते आधी बघा.

दोन, नायलॉनची लाइनदोरी आणि बारा-पंधरा खुंट्या. कापूस आपला असला तरी आखणीला सुती दोरी नको. दव पडले, ओली झाली की ती आखडते.

तीन, ओळंबा. दोरीला टांगलेले वजन कधी खोटे बोलत नाही. फक्त वारा असेल तेव्हा थांबा, किंवा ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडता ठेवा.

चार, गुण्या, तोही घरी करा. तीन सरळ लाकडी पट्ट्या घ्या. कोपऱ्यापासून एकीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची. दोन्ही खुणा पाच फुटांच्या तिरप्या पट्टीने जोडून खिळे ठोका. कोपऱ्यात काटकोन तयार.

पाच, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, करंगळीएवढी जाड, पंधरा मीटर लांब. हिलाच गवंडी लेव्हल पाइप म्हणतात.

हे सगळे मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास बसते. तुमच्या बाजारात थोडे इकडे-तिकडे होईल. गावात एक पेटी असली की सगळ्या गावाला पुरते.

पाणी खोटे बोलत नाही

या नळीबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण ती वापरून बसले आहेत. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्या कामात गावकऱ्यांनी हायड्रोमार्कर हातात घेतला आणि समपातळीचे चर आखले. हायड्रोमार्कर म्हणजे काय? दोन मापाच्या काठ्यांना बांधलेली हीच पाण्याची नळी! शिवारात पाणी अडवायला जी नळी चालली, ती घराचे जोते सपाट करायला चालणार नाही का? शेताचा बांध आखणारा माणूस घराचा पायाही तपासू शकतो.

तत्त्व सोपे. नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत राहते, मग मध्ये दगड असो, झाड असो की कोपरा असो. पण चार पथ्ये पाळा. नळी बादलीतून ओढून सावकाश भरा आणि आत बुडबुडा राहिलेला नाही हे उजेडात धरून बघा. बुडबुडा राहिला की पातळी चुकते. पाण्यात कपड्याची नीळ चिमूटभर टाका, म्हणजे लांबून दिसते. मोजताना दोन्ही टोके उघडी हवीत. एकाने अंगठा दाबून ठेवला तर पाणी खोटी पातळी दाखवेल. नळी निम्मी उन्हात आणि निम्मी सावलीत ठेवू नका, तापलेले पाणी थोडे वर चढते. आणि काम सुरू करण्याआधी व संपल्यावर दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून बघा. पाणी एका रेषेत आले तर नळी शुद्ध.

आखणीचा क्रम

उदाहरणाला २० फूट लांब आणि १५ फूट रुंद शेड घेऊ. ३०० चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचे असते, तेव्हा घरकुलालाही हे उदाहरण जवळचे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मिस्त्रीसमोर बोलून ठरवा. २० आणि १५ हे माप आतून-आतून, बाहेरून-बाहेरून, की भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत? भिंत नऊ इंची असेल तर आतल्या आणि बाहेरच्या मापात दीड फुटाचा फरक पडतो. निम्मी भांडणे इथून सुरू होतात. आपण मध्य-मध्य धरू.

पहिली रेघ रस्त्याला किंवा जुन्या भिंतीला समांतर घ्या. तिच्यावर ‘क’ आणि ‘ख’ अशा दोन खुंट्या २० फुटांवर ठोका. खुंटीच्या डोक्यावर बारीक खिळा मारा, कारण खुंटी दोन इंच जाड असते आणि माप कुठून घ्यायचे यावर वाद होतो.

आता ‘क’ पासून एक टेप १५ फूट आणि ‘ख’ पासून दुसरा टेप २५ फूट ताणा. दोन्ही टेप जिथे भेटतात ती ‘घ’ खुंटी. मग उलट करा. ‘ख’ पासून १५ आणि ‘क’ पासून २५, ती ‘ग’ खुंटी. तीन-चार-पाचाला पाचाने गुणले की पंधरा-वीस-पंचवीस येतात. शेडचे माप असे ठरवले की काटकोन आपोआप साधतो.

शेवटी ‘ग’ ते ‘घ’ मोजा. बरोबर २० फूट यायला हवे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चर खणू नका, पुन्हा मोजा.

दुसऱ्या कोणत्याही मापाच्या खोलीला नियम एकच. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे. यांतले एकच बघून भागत नाही. बाजू सारख्या पण कर्ण वेगळे, म्हणजे खोली तिरकी. कर्ण सारखे पण समोरच्या बाजू वेगळ्या, म्हणजे खोली एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्या तोंडाला निमुळती. कोपरा नुसत्या दोन अंशांनी चुकला तर वीस फुटांवर भिंत आठ इंच सरकते. ते आठ इंच छपराच्या वेळी कळतात. पत्रे तिरके कापावे लागतात, एकीकडे पाऊस आत येतो आणि दुसरीकडे पत्रा वाया जातो.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीला लावून मोजू नका. टेप आडवा, पातळीत धरा आणि उंच टोकावरून ओळंबा सोडून खाली खूण करा. वीस फुटांत दोन फूट उतार असेल तर जमिनीला चिकटवून घेतलेले माप सव्वा इंच खोटे निघते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कोपऱ्यातल्या खुंट्या चर खणताना जाणारच. म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या बाहेर, चरापासून तीन-चार फूट लांब, दोन-दोन खुंट्या ठोकून वर आडवी फळी बसवा. दोऱ्या या फळ्यांवर ताणा आणि खिळ्यांनी खुणा करा. मधला खिळा भिंतीच्या मध्याचा. दोन्ही बाजूंना साडेचार इंचांवर भिंतीच्या कडांचे. अडीच फुटी चर असेल तर मध्यापासून सव्वा-सव्वा फुटावर चराच्या कडांचे. जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याने रेघा पाडा, दोऱ्या सोडा आणि खणायला सुरुवात करा. पुन्हा केव्हाही दोरी खिळ्याला बांधली की आखणी जशीच्या तशी हजर. या फळ्या जोते होईपर्यंत काढू देऊ नका, आणि त्यांच्यावर कुणाला बसू देऊ नका!

फळ्या ठोकतानाच त्यांची पातळी नळीने एक करून घ्या. शेजारच्या पक्क्या भिंतीवर किंवा न हलणाऱ्या दगडावर एक मूळ खूण करा. सगळी उंची आणि सगळी खोली त्या एका खुणेपासून. दोऱ्या पातळीत असल्या की चराची खोली बघायला साधी काठी पुरते. काठीवर खूण करा, दोरीपासून खाली सोडा आणि दर पाच फुटांवर तपासा. भिंत वर निघाली की ओळंबा लावा, कोपऱ्यांवर आणि दाराच्या दोन्ही बाजूंना.

हिशेबाची गोष्ट

आता पैशाकडे येऊ. खोदाई आणि भराई ब्रासवर मोजतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्या शेडच्या चराची मध्यावरची लांबी ७० फूट. रुंदी अडीच, खोली चार फूट. गुणाकार ७०० घनफूट, म्हणजे ७ ब्रास. आता खोली साडेतीनच फूट निघाली तर? ६१२ घनफूट, सहा ब्रासच्या जरा वर. म्हणजे जवळजवळ एका ब्रासचे पैसे हवेत गेले. पैसे गेले ते एक वेळ चालतील, पण तो अर्धा फूट काळ्या मातीतच राहिला आणि पाया मुरमाला टेकलाच नाही, हे नुकसान पिढीभराचे. म्हणून काठी लावून खोली बघायची ती चर बुजायच्या आधी.

भराईचेही तसेच. जोत्याच्या आतली जागा साधारण २७४ चौरस फूट. जमिनीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फूट उतार असेल आणि तो आधी मोजला नसेल, तर सरासरी अर्धा फूट मुरूम जास्त लागतो, म्हणजे सव्वा ब्रासच्या वर. ऐनवेळी मुरमाची गाडी कमी पडते, हाती पैसा नसतो, आणि मग मिस्त्री म्हणतो, जोते एवढेच ठेवू. तिथेच ओल घरात शिरते. नळीने आधी उतार मोजला असता तर मुरमाचा आकडा आधीच कळला असता.

घरकुलाला २०१६ पासूनच्या योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये ठरले आणि हप्ते कामाच्या टप्प्याने मिळतात. टप्प्याचा फोटो काढून चढवतात. चांगली गोष्ट आहे. पण मंडळी, फोटोत जोते दिसते, काटकोन दिसत नाही. फोटोत पायाची खोली दिसत नाही. ते बघायला मालकच चरात उतरला पाहिजे. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर होते, तेव्हा नळीचे एक टोक घरधनिणीच्या हातात असायला काहीच हरकत नाही. आमचा अनुभव असा की, बुडबुडा राहिला हे आधी त्याच सांगतात.

गवंड्याशी वैर नको

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळे गवंड्याला चोर ठरवण्यासाठी नाही. गवंडीही आपल्यासारखाच कष्टकरी, आणि बहुतेक वेळा आपल्याच गावचा. चांगला गवंडी हे सगळे न सांगता करतो आणि मालक तपासतो आहे हे पाहून त्याला बरेच वाटते. घाई असते ती ठेकेदाराला. म्हणून आखणीच्या दिवशी गवंड्याच्या बरोबरीने उभे राहा, टेपाचे दुसरे टोक धरा. ‘दादा, कर्ण एकदा बघून घेऊ’ एवढे म्हटले की पुरे. आकडे वहीत लिहा, दोघांच्या सह्या करा. पुढे वाद झाला तर वही बोलते.

आणि दोरी-नळीने सगळे साधते असाही गैरसमज नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड नाहीत, आणि वर धाब्याचे ओझे. ती भिंत ओळंब्यात असती म्हणून वाचली असती असे नाही. जोत्यावर, दारांवर आणि छपराखाली घराला बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे लागतात. त्या बाबतीत जाणत्याचा सल्ला घ्यावाच लागतो. तसेच घराभोवती तीन-चार फूट रुंदीचा पक्का पट्टा करा आणि त्याला बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार द्या, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. मोठे झाड भिंतीलगत ठेवू नका, त्याची मुळे मातीतली ओल ओढतात. आणि तो उतार खरोखर बाहेरच आहे ना, हे नळीने बघा!

काय करायचे?

बैठक झाली, टाळ्या झाल्या, सगळे घरी गेले, असे नको. आमचे तीन प्रस्ताव आहेत.

पहिला, प्रत्येक गावाच्या शाखेने वर्गणी काढून मापाची एक पेटी घ्यावी. ती कुणा पुढाऱ्याच्या घरी राहू नये. जिथून सगळ्यांना मागता येईल अशा ठिकाणी ठेवावी आणि कोण घेऊन गेला याची वही असावी.

दुसरा, प्रत्येक गावातून चार जणांनी ही आखणी शिकावी, त्यांत दोन बाया असाव्यात. जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीआधी तालुक्याला एक दिवसाचे शिबिर घेऊ. उन्हाळ्यात वावर मोकळे असते. मोकळ्या वावरात पंधरा-वीसची शेड दोरीने आखून बघायची, कर्ण मोजायचे, मोडायचे, पुन्हा आखायचे. दहा वेळा केले की हात बसतो. खर्च फक्त चुन्याचा, तोही राख वापरली तर नाही.

तिसरा, यंदा गावात ज्याचे-ज्याचे बांधकाम निघेल, त्याच्या आखणीला शेजारच्या दोघांनी जावे. लग्नाला जातो, मातीला जातो, तसे आखणीला जायचे. मालक एकटा असला की त्याला दटावता येते. चार जण टेप धरून उभे राहिले की काम आपोआप सरळ होते.

काट्यावर उभे राहिलो तेव्हा वजन सुधारले. आता चरात उतरू, माप सुधारेल. ज्याची शेड कोरडी, त्याचा कापूस कोरडा. ज्याचा कापूस कोरडा, तो बाजारात चार दिवस मान वर करून थांबू शकतो. भावाची लढाई रस्त्यावर लढायची ती लढूच, पण तिचा पाया घरी घालायचा आहे. आणि तो आपल्या हाताने, आपल्या दोरीने, पाण्याच्या पातळीत घालायचा आहे.

पेटीसाठी पहिली वर्गणी कोणते गाव देणार, ते हात वर करून सांगा.